पानातलं मांजर आणि पुरलेलं मडकं

ओळख बघू! शंभर ग्लास पाणी प्यायचं आणि त्यातलं सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव ग्लास हवेत सोडून द्यायचं, असा उधळ्या कोण?

हत्ती? चूक. उंट? छे, तो तर पक्का चिक्कू! चूळ भरताना अख्खी मोरी भिजवणारा तुझा धाकटा भाऊ? तोही नाही.

उत्तर तुझ्या खिडकीबाहेर उभं आहे. झाड!

खरंच सांगते. मुळांनी ओढून घेतलेल्या पाण्यातलं जेमतेम दोन-तीन ग्लास झाड स्वतःजवळ ठेवतं. बाकीचं सगळं पानांतून वाफ होऊन उडून जातं. आवाज नाही, थेंब नाही. आपल्याला पत्ताच लागत नाही!

मग मला सांग, जिथे वर्षातले आठ महिने पाऊसच नसतो, तिथे ही उधळी मंडळी जगतात कशी?

हा प्रश्न मला पडला आत्याच्या परसात. माझी आत्या वेल्हे तालुक्यात (आता त्याला राजगड तालुका म्हणतात) राहते, तोरणा किल्ल्याच्या पायथ्याजवळच्या एका वाडीत. मी गेले होते ऐन वैशाखात. नसरापूरवरून एसटी आत वळली, आणि खिडकीतून बघते तर काय, सगळे डोंगर खारकेच्या रंगाचे! गवत वाळलेलं. ओढे कोरडे. गुरं सावली शोधत उभी.

आणि आत्याच्या घरामागे? दुधीचा वेल मांडवावर चढलेला. मोगऱ्याला पांढऱ्या कळ्या. अळूची पानं ही एवढाली, हत्तीच्या कानांसारखी!

“आत्या, तुझ्याकडे चोवीस तास नळ आहे का गं?”

आत्या इतकी हसली, इतकी हसली की डोक्यावरचा पदर सावरायला लागला. “नळ? आगं, दोन हंडं पाणी आणाया खाली हिरीवर जाते मी!”

आता तू म्हणशील, त्या भागात तर धरणंच धरणं आहेत! बरोबर. मोजू या का? भोर तालुक्यात भाटघर आणि नीरा देवघर. वेल्ह्यात गुंजवणी, पानशेत आणि वरसगाव. झाली की नाही पाच! भाटघर तर जवळजवळ शंभरीला आलेलं धरण आहे. पण धरणातलं पाणी उताराने खाली जातं. काही पुण्याच्या नळांना, काही लांबच्या कालव्यांना. वरच्या वाड्या मात्र डोंगरावर, पाण्यापासून उंच. म्हणून तर तिकडची माणसं म्हणतात, धरण उशाला अन् कोरड घशाला!

आणि गंमत म्हणजे पावसाळ्यात हाच भाग नखशिखांत भिजलेला असतो. घाटमाथ्याकडे तर असा कोसळतो की समोरचा माणूस दिसत नाही. (भोर तालुक्यातच पूर्वेला, हायवेजवळच्या किकवीकडे जा, पाऊस बराच कमी होतो. एकाच तालुक्यात दोन हवामानं!) मग एवढं पाणी जातं कुठे?

जमिनीखाली काळा कातळ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे तापलेला लाव्हा थरावर थर पसरला आणि गार झाला. त्याचाच हा दगड. त्यावर मातीचा थर केवढा? कितीतरी ठिकाणी तुझ्या पोळीवरच्या तुपाएवढाच म्हण ना! पाणी पडतं, घसरतं, ओढ्यात जातं. दिवाळीनंतर बघावं तर डोंगर कोरडा व्हायला लागलेला.

म्हणजे चार महिने आंघोळच आंघोळ, आणि आठ महिने घशाला कोरड. अशा जागी बाग करायची!

आत्याकडे जायच्या आधी आपण एक काम करू. एका पानाच्या आत डोकावू.

पानाला बारीक बारीक दारं असतात. शास्त्रज्ञ त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. बहुतेक झाडांत ती पानाच्या खालच्या बाजूला जास्त असतात. किती बारीक? टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत शंभराहून जास्त दारं! आणि प्रत्येक दाराला दोन पहारेकरी पेशी. त्या फुगल्या की दार उघडं, पिचक्या झाल्या की दार बंद.

दारं कशाला? तर पानाला स्वयंपाक करायचा असतो. त्यासाठी हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू आत घ्यावा लागतो. तो दारातूनच येणार ना!

पण इथेच घोटाळा होतो. समज, तुझ्या घरी एक मांजर आहे. भाजीवाली आली. आईने भाजी घ्यायला दार उघडलं. आणि तेवढ्यात मांजर सुर्रकन बाहेर!

पानाचं अगदी हेच होतं. वायू आत घ्यायला दार उघडलं की आतलं पाणी बाहेर पळतं. पाणी म्हणजे पानातलं मांजर! दार बंद ठेवलं तर मांजर घरात राहील, पण भाजी मिळणार नाही. उपाशी राहायचं का? उघडलं तर मांजर पळालं. भर उन्हात तर ते आणखी जोरात पळणार.

पण काही झाडांनी या मांजरावर एक नामी उपाय शोधलाय. ऐक तर खरं!

पानफुटी ठाऊक आहे ना? जाडजूड पानांची. पान नुसतं मातीवर टाकलं की त्याच्या कडेला पिल्लं फुटतात, तीच. तर दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी बेंजामिन हाइन नावाचे एक जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आपल्या देशात, दक्षिण भारतात राहत होते. त्यांनी पानफुटीचं पान सकाळी चाखलं. चुक्याच्या भाजीसारखं आंबट! दुपारी चाखलं. चवच नाही! संध्याकाळी चाखलं, तर किंचित कडवट.

एकच झाड. एकच दिवस. तीन चवी! त्यांनी चक्रावून लंडनच्या शास्त्रज्ञांना पत्र लिहिलं.

(तू मात्र चाखून बघू नकोस हं! पानफुटीत विषारी द्रव्यं असतात. हाइनसाहेबांनी आपल्यासाठी चाखून ठेवलंय, तेवढं पुरे.)

कोडं सुटायला शंभराहून जास्त वर्षं लागली. आणि उत्तर काय निघालं असेल?

पानफुटी दारं रात्री उघडते!

रात्री गारवा असतो. मांजर पेंगत असतं, फारसं पळत नाही. तेवढ्यात पानफुटी हवेतला वायू भराभर आत घेते. पण रात्री सूर्य नाही, म्हणजे चूल बंद. मग ती त्या वायूपासून एक आंबट आम्ल बनवते आणि डब्यात भरून ठेवते. हिरव्या सफरचंदाला आंबट करतं ना, तेच आम्ल! म्हणून सकाळी पान आंबट. दिवसा दारं घट्ट बंद. सूर्य आला, चूल पेटली, डबा उघडला, आतल्या आत स्वयंपाक. दुपारपर्यंत डबा रिकामा, आंबटपणा गायब!

तुझी आई कशी रात्रीच भाजी चिरून ठेवते, सकाळच्या डब्यासाठी? तस्सं.

कोरफडही हेच करते. अननसही! आणि बांधावरचा निवडुंगही. त्याच्या तर पानांचाच पत्ता नसतो. हिरव्या खोडानेच तो पानाचं काम करतो. म्हणजे दारंच कमी! फक्त त्याचा पांढरा चीक डोळ्याला लागू देऊ नकोस, फार झोंबतो.

आता आत्याच्या परसातून जरा वर बघ. समोरचा डोंगर. तिथे तर कुणी पाण्याची कळशी घेऊन जात नाही! तरी हजारो झाडं उभी आहेत. त्यांच्या आणखी कितीतरी युक्त्या.

पांगारा, पळस आणि काटेसावर उन्हाळ्याच्या तोंडावर पानंच टाकून देतात. पान नाही, तर दार नाही. दार नाही, तर मांजर पळणार कुठून! उघड्या फांद्यांवर मग नुसती लाल-केशरी फुलं.

आणि तेरडा? तो सगळ्यात बिनधास्त. गणपतीच्या दिवसांत डोंगर गुलाबी करतो आणि उन्हाळा यायच्या आत चक्क मरून जातो! मागे काय उरतं? बी. तेरड्याची पिकलेली शेंग तू कधी चिमटीत धरली आहेस का? टप्पकन फुटते आणि बिया उडतात. त्या मातीत झोपतात. पुढच्या पावसापर्यंत गाढ. ना पाणी, ना काळजी.

फोडशीची भाजी खाल्लीस का कधी? तिकडे पहिल्या पावसानंतर बायका रानात जाऊन ती काढून आणतात. बाजारातही जुड्या येतात. परवापर्यंत जिथे नुसती माती होती, तिथे आठवड्यात पातीच पाती! जादू नाही. फोडशीचं घर जमिनीखाली आहे. जाड मुळांत अन्नपाणी साठवून ती आठ महिने अंधारात पडून असते, जशी आजीच्या फडताळातली लोणच्याची बरणी.

आणि कारवी! सात वर्षं नुसतीच वाढते आणि मग एकदाच सगळ्या मिळून फुलतात. पण तिची गोष्ट सांगायला बसले तर आत्याची बाग राहूनच जाईल. ती पुन्हा कधीतरी.

तर आत्या. तिने पर्णरंध्रं हा शब्द जन्मात ऐकलेला नाही. पण डोंगर मात्र ती साठ वर्षं बघतेय!

तिच्या बागेचं वर्ष सुरू होतं मृगात, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. मी विचारलं, “पावसाळ्यात काय करतेस?” म्हणाली, “पावसाळ्यात उन्हाळ्याची तयारी!”

ती छपराच्या पागोळ्या वाया जाऊ देत नाही. पागोळ्या पडतात तिथे लांब चर. चराचं तोंड झाडांच्या आळ्यांकडे. जास्तीचं पाणी दगडगोट्यांनी भरलेल्या शोषखड्ड्यात.

छपरावरून किती पाणी येत असेल? चल, गणित! घाबरू नकोस, सोपं आहे. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात ना? एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर बरोबर एक लिटर पाणी जमतं. तुझ्या पाण्याच्या बाटलीएवढं!

आता छप्पर धरू पाच मीटर लांब, चार मीटर रुंद. पाच चोक वीस. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला. वेल्ह्याकडे आषाढात हे काही फार नव्हे. वीस गुणिले पन्नास?

एक हजार लिटर! वीस लिटरच्या पन्नास बादल्या. एका छोट्याशा छपरावरून. एका दिवसात!

मी हे गणित आत्याला सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “आन् मी दोन हंड्यांसाठी हिरीवर जाते व्हय!”

एवढं पाणी ठेवायचं कुठे? किल्ल्यांवर काय केलंय ठाऊक आहे? राजगड शिवाजी महाराजांची पंचवीसेक वर्षं राजधानी होता. तेवढी माणसं, घोडे, आणि सगळं डोंगराच्या माथ्यावर! म्हणून तिथे पद्मावती तलाव आहे, आणि कातळात खोदलेली टाकी आहेत. गड बांधायला दगड हवा, पाणी साठवायला खड्डा हवा. कातळ खोदला की दगडही मिळतो आणि खड्डाही मिळतो. आहे की नाही डोकं!

आत्याकडे कातळातलं टाकं नाही. पण तिच्याकडे माती आहे, आणि मातीच तिची टाकी. ती दरवर्षी मातीत शेणखत आणि कुजलेला पाला मिसळते. नुसत्या मुरमाड जमिनीवर पाणी टाकलं तर ते चाळणीतून गेल्यासारखं निघून जातं. पाला-शेण खाल्लेली माती मात्र भिजवलेल्या पोह्यांसारखी, पाणी पोटात धरून बसते.

दसरा झाला, भात कापणीला आलं की आत्याचं दुसरं काम सुरू. बागेला पांघरूण घालायचं!

हो, पांघरूण. आणि तेही ऊन वाढायच्या आधी! तुझ्या घरी कणीक मळून ठेवतात, तेव्हा वर ओला फडका टाकतात की नाही? टाकला नाही तर? वर पापुद्रा येतो, कणीक कडक होते. उघड्या मातीचं तसंच होतं. ऊन आणि वारा पाणी ओढून नेतात, मातीला भेगा पडतात.

म्हणून आळ्यांत वाळलेला पाला, भाताचं तूस, काडीकचरा, चांगला वीतभर जाड. फक्त खोडाला चिकटवायचं नाही, चार बोटं जागा सोडायची. नाहीतर खोड कुजतं. पेंढा वापरत नाहीस का, असं मी विचारलं, तर आत्याने माझ्याकडे असं बघितलं! पेंढा आधी गोठ्यात. गुरांच्या तोंडचा काढून दुधीला घालणार का?

पाल्यावरूनही तिची शेजारणीशी दरवर्षी थोडी ओढाताण असते. भाताच्या रोपांसाठी राब भाजतात ना, त्यालाही पाला लागतो. मग अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

आणि ही पांघरुणाची युक्ती आत्या कुणाकडून शिकली असेल? पांगाऱ्याकडूनच की! तो पानं टाकतो ती पडतात कुठे? त्याच्याच पायाशी. मांजर पळायचं थांबलं, आणि मुळांना गोधडीही मिळाली!

पण हिवाळ्यातली एक गोष्ट बघून मला आत्याचा चक्क राग आला होता. काही वर्षांपूर्वी मी पौषात तिच्याकडे गेले होते. मोगरा सुकलेला! पानं पिवळी, अर्धी गळलेली. “आत्या, पाणी घाल ना त्याला!” “न्हाई.” “अगं मरेल तो!” “मरत न्हाई. मी त्याचं पाणी तोडलंय.”

मुद्दाम! पाणी तोडलं, फांद्या छाटल्या आणि त्याला तसाच उभा ठेवला. मला वाटलं, वर्गाबाहेर उभं करतात तशी शिक्षा असणार.

माघ लागल्यावर तिने मुळांशी शेणखत घातलं आणि पोटभर पाणी दिलं. चैत्रात काय झालं असेल? मोगरा कळ्यांनी नुसता लगडला!

याला शेतकरी ‘ताण देणं’ म्हणतात. फळबागांमध्ये तर हे पक्कं शास्त्र आहे. लिंबू, संत्रं, डाळिंब यांना ताण द्यायचा, मग पाणी द्यायचं, की सगळी फुलं एकदम येतात. त्याला म्हणायचं ‘बहार धरणं’. नावं तर किती गोड! आंब्याला मोहोर येतो त्या दिवसांतला आंबे बहार. मृग नक्षत्रातला मृग बहार. हस्त नक्षत्रातला हस्त बहार. भोरच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात अंजिरांच्या बागा आहेत, तिथे तर खट्टा बहार आणि मीठा बहार! सांग, तुला कुठला आवडेल?

पण ताण दिल्यावर फुलं का येतात? पाणी बंद झालं की झाडाची नवी पानं काढायची गडबड थांबते. साठवलेलं अन्न फांद्यांतच राहतं. मग पाणी मिळालं, की ती सगळी शिल्लक फुलांवर खर्च! परीक्षेच्या आधी आई टीव्ही बंद करते, तसंच थोडंसं. (तुला हे उदाहरण आवडलं नसणार, मला माहीत आहे.)

तुझ्या कुंडीतल्या सगळ्याच झाडांचं पाणी मात्र तोडून बसू नकोस! तुळशीला ताण दिलास तर आजी तुलाच ताण देईल.

आता आला उन्हाळा. माझा सगळ्यात आवडता भाग. कारण यात एक भूत आहे!

म्हणजे मला तसं वाटलं. दुधीच्या आळ्यात मातीतून एक गोल तोंड वर डोकावत होतं. त्यावर खापरीचं झाकण. झाकण काढलं, तर आत काळोख आणि पाणी. मडकं! गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेलं.

“हे कशाला गं?”

“माझा नोकर हाय त्यो. रात्रंदिस पाणी घालतो झाडाला. पगार न्हाई, जेवान न्हाई!”

तू माठातलं पाणी पितोस किंवा पितेस ना? माठ बाहेरून ओलसर का लागतो? कारण भाजलेल्या मातीला डोळ्याला न दिसणारी भोकं असतात. त्यांतून पाणी हळूहळू पाझरतं. पुरलेल्या मडक्याचंही तेच. फक्त ते हवेत न पाझरता मातीत पाझरतं, थेट मुळांजवळ. वरची माती कोरडी राहते, म्हणून ऊन काही चोरू शकत नाही. आणि तणही फारसं उगवत नाही.

पण खरी कमाल पुढे आहे. भोवतालची माती कोरडी असली, तर ती मडक्यातून पाणी जास्त ओढते. माती ओली झाली, की ओढ कमी होते आणि पाझरणं मंदावतं! म्हणजे झाड जितकं प्यायलं तितकंच मडकं वाढतं. पंगतीत “पुरे” म्हणालं तरी ताटात जिलबी टाकणाऱ्या काकांपेक्षा मडकं कितीतरी शहाणं!

ना वीज, ना तोटी, ना घड्याळ. आत्या चार-पाच दिवसांनी एकदा मडकं भरते, बस्स.

आणि ही युक्ती किती जुनी असेल? सांग बघू! पन्नास वर्षं? शंभर?

दोन हजारांहून जास्त! चीनमध्ये फान शंगझी नावाच्या माणसाने शेतीवर पुस्तक लिहिलं, त्यात पुरलेल्या मडक्याची ही रीत आहे. मडक्याभोवती चार बिया लावा, असंही त्यात सांगितलंय. मी पटकन आत्याच्या मडक्याभोवतीचे वेल मोजले.

तीन! चौथा कोंबडीने खाल्ला म्हणे.

तुलाही करता येईल. कुंडी मोठी असेल तर छोटं बोळकं घे. साधं भाजलेलं हवं. रंग दिलेलं, चकाकी आणलेलं चालणार नाही, कारण मग भोकं बुजतात. तळाला मोठं छिद्र नको. आणि झाकण विसरू नकोस! नाहीतर डास त्यात अंडी घालतील.

बाकी आत्याचे उन्हाळ्याचे नियम झटपट सांगते. पाणी पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. भर दुपारी कधीच नाही. रोज चमचाभर देण्यापेक्षा चार दिवसांनी पोटभर. का? रोज वरवर पाणी मिळालं तर मुळं लाडावतात, वरच रेंगाळतात. पाणी खोल गेलं तर मुळंही त्याच्या मागे खोल जातात. आणि वैशाखात खत नाही! खत घातलं की नवी पालवी फुटणार, नवी पालवी म्हणजे नवी दारं, आणि मग... हो, मांजर! आत्या म्हणते, तापात कुणी श्रीखंड-पुरी खातं का?

आणि बागेत झाडांची बसायची जागा तर तिने वर्गातल्या बाईंसारखी ठरवलीय. सारखं “पाणी, पाणी” करणारे अळू, केळ, कर्दळ न्हाणीजवळ. आंघोळीचं पाणी तिकडेच वळवलेलं. साबणाचा फार फेस असला तर ते पाणी बाजूला सोडायचं. मधल्या बाकांवर गवती चहा, मोगरा, दुधी. आणि शेवटच्या बाकावर, कुंपणाकडे, ज्यांच्याकडे महिनोन्‌महिने बघितलं नाही तरी चालतं ते: कोरफड, करवंद, सीताफळ, शेवगा. शेवटच्या बाकावरची मुलं नेहमीच हुशार असतात. (हे मी स्वतः तिथे बसायचे म्हणून म्हणत नाही हं!)

निघायच्या आदल्या संध्याकाळी आत्या म्हणाली, “चल, तुला मेलेलं झाड जित्तं करून दावते.”

मी म्हटलं, काहीतरीच!

ती मला विहिरीच्या जुन्या दगडी भिंतीपाशी घेऊन गेली. दगडांच्या फटींत करड्या, सुक्या मुठी होत्या. होळीनंतर उरलेल्या जळक्या कागदासारख्या. ही मयूरशिखा. नेच्याच्या जातीची छोटी वनस्पती. आणि शेजारी तपकिरी, चुरचुरीत शेवाळ. बोटाने दाबलं तर भुगा होईल असं.

आत्याने तांब्यातलं पाणी शिंपडलं. “आता बघ.”

मी बघत राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं. आणि शेवाळ हिरवं व्हायला लागलं! माझ्या डोळ्यांसमोर! दहाएक मिनिटांत त्या तपकिरी डागाची हिरवी मखमल झाली.

बहुतेक झाडं इतकी वाळली तर मरतात. पण ही मंडळी मांजराच्या मागे धावतच नाहीत. जाऊ दे म्हणतात! सगळं पाणी गेलं तरी पेशी मोडू नयेत म्हणून आत साखरेसारखे पदार्थ भरून ठेवतात. घरातलं सामान नीट बांधून, कुलूप लावून गावाला जावं, तसं. पाणी आलं की कुलूप उघडलं!

“पण मयूरशिखा कुठे उघडली?”

“तिला येळ लागतो. निज आता.”

सकाळी चहाही न घेता मी भिंतीकडे पळाले. मुठी उघडल्या होत्या! छोटे छोटे हिरवे पंखे, मोराच्या तुऱ्यासारखे, एकाशेजारी एक. मी मोजले. अकरा.

एकच मूठ अजून घट्ट मिटलेली होती, अगदी वरच्या कोपऱ्यात. तिथवर आत्याचा हात पुरला नव्हता. मी तांब्या घेतला आणि दगडावर चढले.